नीलीचं पुढे काय झालं?

वाढदिवसाची पार्टी ऐन रंगात आली आहे. हातात भेटवस्तू घेऊन बेंत्झी नीलीला शोधतो आहे. तिला दिवस गेल्याचं कळल्यावर मोमोने, म्हणजे बेंत्झीच्या जिवलग मित्राने, सरळ हात झटकले होते. मग गर्भपातासाठी पैसे उभे केले ते बेंत्झीने, तिला सोबत केली, नंतर तिची शुश्रूषा केली, आणि इतके दिवस घशाशी अडकलेलं प्रेम एकदाचं बोलूनही दाखवलं. आता घरभर गाणी आणि पाहुणे आहेत आणि नीली आहे मोमोच्या मिठीत. कोणी कोणाला जाब विचारत नाही, कोणी मारामारी करत नाही. बेंत्झी वळतो आणि डोळे पुसत रस्त्याला लागतो. चित्रपट इथेच संपतो.

हा शेवट ‘एस्किमो लिमोन’ या इस्रायली चित्रपटाचा. बोआझ डेव्हिडसन या दिग्दर्शकाने तो १९७८ मध्ये आणला. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरचं तेल अवीव, शाळेत जाणारी तीन मुलं, त्यांच्या डोक्यात रात्रंदिवस एकच विषय, आणि पाठीमागे अमेरिकन रॉक अँड रोल. इस्रायलमध्ये त्याची तेरा लाखांहून जास्त तिकिटं खपली. देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम सदतीस लाखांच्या घरात होती. बर्लिनच्या महोत्सवात तो स्पर्धेत होता, परदेशी चित्रपटांसाठीच्या गोल्डन ग्लोबचं नामांकनही त्याला मिळालं. निर्माते मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस यांना या एका चित्रपटाने जगाच्या बाजारात दारं उघडून दिली. मग व्हायचं तेच झालं. दुसऱ्याच वर्षी, १९७९ मध्ये, ‘योत्सिम कावुआ’ नावाने दुसरा भाग आला. दिग्दर्शक तोच, तीन पोरं तीच, गाण्यांचा काळही तोच.

फक्त नीली नाही. बेंत्झीला आता तामी नावाची नवी मुलगी आवडते, तिच्याशी रुसवेफुगवे होतात, गाडी पुढे चालू लागते. नीली कुठे गेली, शाळेत येते का, मोमोने तिला पुन्हा सोडलं का, तिच्या घरी काय कळलं, हे कोणाला विचारावंसंही वाटत नाही. अवघ्या वर्षभरापूर्वी जिच्या दुःखावर अख्खा चित्रपट तोलून धरला होता, ती मुलगी पुसून टाकलेली आहे.

माझं भांडण नेमकं या पुसून टाकण्याशी आहे. अशा चित्रपटांवरची चर्चा नेहमी अंगावरच्या कपड्यांपाशी घुटमळते. एक बाजू म्हणते हे अश्लील आहे, बंद करा. दुसरी म्हणते, वय होतं, मजा होती, तो काळच तसा होता, उगाच सोवळं नेसून बसू नका. या दोन्ही बाजूंनी मूळ प्रश्न चुकवलेला आहे. पडद्यावर उघडं अंग दिसलं म्हणून चित्रपट वाईट ठरत नाही आणि स्मरणरंजन म्हणून तो निर्दोषही ठरत नाही. काय आठवायचं आणि काय विसरायचं हे दिग्दर्शक ठरवतो, निर्माता ठरवतो, आणि तिकीट काढणारा प्रेक्षकही ठरवतो. त्या निवडीचा हिशेब मागता आला पाहिजे.

‘तो काळच तसा होता’ हा बचाव मी बारकाईने तपासू इच्छितो, कारण तो सगळीकडे चालतो आणि सहसा कोणी त्याला हात लावत नाही. जुन्या विनोदी चित्रपटात मुलींच्या कपडे बदलण्याच्या जागी डोकावणारी पोरं असोत, मित्रांमध्ये मुलगी ‘वाटून’ घेण्याच्या गप्पा असोत, किंवा जाड्या मित्राची कायमची थट्टा असो, उत्तर ठरलेलं: तेव्हा कोणाला यात काही वावगं वाटत नव्हतं. या मालिकेपुरता तरी हा दावा टिकत नाही, आणि तो टिकत नाही हे पहिला चित्रपटच सांगतो. त्यात पोरांचा चावटपणा भरपूर आहे. वेश्येकडे जाणं आहे, एका मोठ्या बाईच्या घरी रांग लावणं आहे, कोणाचं किती याच्या पैजा आहेत. पण मध्यापासून चित्रपटाचा सूर बदलतो. मोमोची ऐट, जिच्यावर तोवर आपण हसत होतो, एका मुलीच्या पोटात वाढू लागते. डॉक्टरची फी, दडवादडवी, तिचं एकटं पडणं, हे दिग्दर्शक कॅमेरा न वळवता दाखवतो. म्हणजे या हसण्याची किंमत कोण मोजतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तिकिटं काढणाऱ्या तेरा लाखांनाही ते कळलं होतं. ज्याला १९७८ मध्ये कळत होतं, त्याला १९७९ मध्ये कळेनासं झालं असं कसं म्हणायचं? काळ तोच होता, माणसंही तीच होती. बदललं होतं ते गणित. हसू विकलं जातं आणि दुखणं अडचणीचं होतं, हे ध्यानात आलं होतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्याशिवाय नीलीचं वजन कळत नाही. इस्रायलमध्ये गर्भपात हा ब्रिटिश अमदानीतल्या कायद्यानुसार गुन्हा होता. पन्नाशीच्या दशकात खटले फारसे भरले जात नसत, पण कायदा जागेवर होता. म्हणजे नीलीसारख्या मुलीला जे करायचं ते गुपचूप आणि पैसे मोजून. हा कायदा बदलला १९७७ मध्ये. नव्या तरतुदीनुसार बाईने रुग्णालयातल्या तिघांच्या समितीपुढे जायचं, त्यात दोन डॉक्टर आणि एक समाजसेवक, तिघांत किमान एक स्त्री. वय फार कमी किंवा चाळिशीपुढचं असणं, लग्नाबाहेरचं गर्भारपण, गर्भात दोष, बाईच्या जिवाला किंवा प्रकृतीला धोका, ही कारणं मान्य झाली. आणखी एक कारण होतं, घरच्या हलाखीचं. ते मात्र पंतप्रधान बेगिन यांच्या सरकारने धार्मिक पक्षाच्या दबावाखाली १९७९ च्या अखेरीस काढून टाकलं.

आता या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. गर्भपाताचा कायदा बदलतो आणि पाठोपाठ पहिला चित्रपट येतो. त्याच कायद्यातली गरीब बाईच्या उपयोगाची एक खिडकी बंद होते आणि त्याच वर्षी दुसरा भाग येतो. चित्रपट कायद्यावर भाष्य करायला काढला होता असं मी अजिबात म्हणत नाही. पण रस्त्यावर, संसदेत, रब्बींच्या म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या भाषणांत जो प्रश्न धगधगत होता, तो लाखो लोकांनी नीलीच्या रूपाने थिएटरात पाहिला होता. तिच्यावर समिती बसली असती तर काय झालं असतं, असा विचार एखाद्या प्रेक्षकाच्या मनात सहज आला असेल. दुसऱ्या भागापाशी अशी एक मुलगी आयती होती, आणि तिच्याबद्दल ऐकायला अख्खा देश तयार होता. तिला घरी पाठवून दिलं गेलं.

याउलट, या चित्रपटांच्या बाजूने जे खरं बोलता येतं ते मला मनापासून बोलायचं आहे, कारण ते थोडंथोडकं नाही.

इस्रायलच्या पडद्यावरचा तरुण त्याआधी बराच काळ कोणाचा तरी प्रतिनिधी होता. किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतवस्तीत, नांगर धरणारा, सीमेवर बंदूक धरणारा, छातीवर राष्ट्राचं ओझं घेऊन उभा. पन्नाशीच्या दशकात तर देशात रेशनिंग होतं. १९४९ पासून दशकभर अंडी, साखर, कापड मोजून मिळायचं. युवक संघटनेच्या निळ्या सदऱ्यात रात्री शेकोटीभोवती गाणी म्हणणारा मुलगा हा आदर्श, आणि केसांना तेल चोपडून, दिवाणखान्यात रेकॉर्ड लावून नाचणारा मुलगा म्हणजे वाया गेलेला. टीव्ही नव्हता. सर्वसाधारण प्रसारण सुरू झालं ते १९६८ मध्ये. पाश्चात्त्य गाणी ऐकायला कित्येक मुलं रामल्लाहचं, म्हणजे तेव्हाच्या जॉर्डनच्या हद्दीतलं, रेडिओ केंद्र लावायची. शत्रूच्या देशातून येणारी प्रेमगीतं! बीटल्सचा कार्यक्रमसुद्धा साठच्या दशकात सरकारी समितीने होऊ दिला नाही आणि त्याबद्दल दिलगिरी व्यक्त व्हायला २००८ साल उजाडलं.

अशा देशात बेंत्झी, मोमो आणि त्यांचा तिसरा सोबती युदाले यांना राष्ट्रासाठी काहीही करायचं नाही. त्यांना एका मुलीचा हात धरायचा आहे. त्यांच्या आया स्वयंपाकघरातून ओरडतात, बाप हताश होतात, आणि कोणीही हुतात्मा होत नाही. १९७८ च्या प्रेक्षकाला हे पाहताना काय वाटलं असेल याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. १९७३ च्या ऑक्टोबरमधल्या युद्धात अडीच हजारांहून जास्त सैनिक गेले होते. १९७७ मध्ये राज्य स्थापनेपासून सत्तेवर असलेला मजूर पक्ष पडला होता. डेव्हिडसन यांचा जन्म १९४३ चा, तेल अवीवचाच. म्हणजे पडद्यावरची पोरं त्यांच्याच पिढीची. जो मुलगा १९५८ मध्ये पंधरा वर्षांचा होता, तो १९६७ च्या युद्धात चोवीस वर्षांचा आणि १९७३ च्या युद्धात तिशीचा. त्या वर्गातले किती जण परत आले नाहीत हे थिएटरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सगळं घडण्याआधीचा एक उन्हाळा पुन्हा पाहायला मिळावा ही ओढ खोटी म्हणता येणार नाही. तिला हिणवणाऱ्या समीक्षकांशी माझं पटत नाही. माणसाला विसाव्याचा हक्क आहे आणि समाजालाही आहे.

पण विसावा कोणाला मिळतो आणि कोणाच्या जिवावर? आठवणींच्या या तेल अवीवमध्ये कोण कोण नाही हे पाहिलं की हा प्रश्न अधिकच बोचतो. त्याच वर्षांत उत्तर आफ्रिका, इराक, येमेन इथून आलेली लाखो माणसं तंबू आणि पत्र्याच्या छावण्यांतून नुकती बाहेर पडत होती, काही अजून आतच होती. १९५९ च्या जुलैमध्ये हैफातल्या वादी सलीब वस्तीत मोरोक्कोहून आलेल्या ज्यूंचा उद्रेक झाला. आणि आपल्या कोकणातून गेलेले बेने इस्रायली ज्यूही याच देशात होते. बेर्शेबाच्या परिसरात वसवलेल्या त्यांच्यातल्या काही कुटुंबांनी १९५१-५२ मध्ये भेदभावाला कंटाळून तेल अवीवमध्ये, स्थलांतरितांना वसवणाऱ्या ज्यूइश एजन्सीच्या कचेरीसमोर धरणं धरलं. मागणी एकच होती, आम्हाला परत भारतात पाठवा. त्यातले काही जण १९५२ मध्ये खरोखरच मुंबईला परतले. राहिलेल्यांना पुढे साठच्या दशकात लग्नाच्या बाबतीत आपण पुरते ज्यू आहोत हे सिद्ध करण्यासाठी रब्बींच्या सत्तेशी झगडावं लागलं. १९६४ मध्ये तो लढा त्यांनी जिंकला. दिमोना, अश्दोद, लोद, येरुहाम इथल्या घरांतून मराठी बोलली जात राहिली, ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक त्या मातीत निघालं. त्यांच्याही मुलांचं सोळावं वर्ष याच दशकात उजाडलं असेल, त्यांनीही कोणावर तरी जीव टाकला असेल. ‘त्या काळचं इस्रायल’ म्हणून जे गोड चित्र जगभर विकलं गेलं, त्यात त्यांचं एक खिडकीभरही घर नाही.

प्रत्येक चित्रपटाने सगळ्यांना सामावून घ्यावं अशी माझी मागणी नाही. तीन मध्यमवर्गीय पोरांची गोष्ट ही तीन मध्यमवर्गीय पोरांचीच असणार. मुद्दा एवढाच की आठवण ही गाळणी आहे, आणि गाळणीची जाळी कोणी विणली हे विचारणं रास्त आहे. पहिल्या भागातली जाळी निदान एका मुलीला अडवून ठेवण्याइतकी बारीक होती. पुढे ती इतकी सैल झाली की त्यातून फक्त गाणी आणि गमती उरल्या.

गाण्यांची गोष्टही पाहण्यासारखी आहे. पहिल्या चित्रपटाच्या गाण्यांत बॉबी विंटनचं ‘मिस्टर लोनली’ आहे. चित्रपटाचा काळ पन्नाशीच्या दशकाचा शेवट, आणि हे गाणं ध्वनिमुद्रित झालं १९६२ मध्ये, एकल तबकडी म्हणून गाजलं १९६४ मध्ये. म्हणजे बेंत्झीच्या कानावर ते पडणं शक्यच नव्हतं. मी ही चूक म्हणून सांगत नाही, कारण भावनेच्या दृष्टीने ते गाणं तिथे चपखल बसतं. यातून दिसतं ते हे की काळाचं प्रामाणिक चित्रण हा या चित्रपटांचा हेतू कधीच नव्हता. काळ सोयीने मागेपुढे करता येत होता. मग मुलींच्या बाबतीत तेवढा ‘काळ तसा होता’ म्हणून हात का वर करायचे? गाण्यासाठी जर कॅलेंडर वाकवता येतं, तर नीलीला एक दृश्य देण्यासाठीही वाकवता आलं असतं.

दुसऱ्या भागानंतरची वाट मी थोडक्यात सांगतो, कारण तिथे सांगण्यासारखं फार नाही. १९८१ मध्ये तिसरा भाग, १९८२ मध्ये चौथा, ज्यात ही तिघं सैन्यात भरती होतात आणि छावणीतही तेच उद्योग करतात. तो आला त्याच वर्षी खरं सैन्य लेबनॉनमध्ये शिरलं होतं. नंतरचे दोन भाग डॅन वोलमन यांनी केले, एक १९८४ चा आणि दुसरा, जहाजावरचा, १९८५ चा. हे तेच वोलमन ज्यांनी १९८० मध्ये ब्रिटिश अमदानीतल्या जेरुसलेमवर ‘मखबोइम’सारखा नाजूक, धाडसी चित्रपट केला होता. त्यांच्या गुणांना इथे वाव मिळाला नाही याची मला हळहळ वाटते. एव्हाना जर्मनीत या मालिकेचा प्रचंड प्रेक्षकवर्ग तयार झाला होता, पैसाही तिकडून येत होता. १९८७ आणि १९८८ चे भाग तर ऑस्ट्रियन दिग्दर्शकांनी केले. दहा वर्षांत आठ चित्रपट. नट तिशीला आले तरी पडद्यावर उनाडच राहिले. २००१ मध्ये नव्या पोरांना घेऊन आणखी एक प्रयत्न झाला. झाखी नोय यांनी रंगवलेला युदाले तर सुरुवातीपासून एकाच विनोदाचा धनी, तो जाडा आहे. त्या नटाची विनोदाची जाण खरोखर चांगली आहे, आणि आठही वेळा त्याला आपल्या अंगाच्या आकारावरच हशा मिळवायला लावलं गेलं. जर्मनीतल्या प्रेक्षकाला तेल अवीवची आठवण येण्याचं कारण नव्हतं. त्याला समुद्रकिनारा, ऊन, जुनी इंग्रजी गाणी आणि कपडे उतरवणाऱ्या मुली पुरेशा होत्या. स्मरणरंजनातली आठवण गळून पडली आणि रंजन शिल्लक राहिलं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. चावट विनोदी चित्रपटाकडून एवढी अपेक्षा का? हसायला गेलेल्या माणसाला प्रत्येक वेळी रडवून का परत पाठवायचं? हा आक्षेप घेणाऱ्यांना मी दोन चित्रपट दाखवेन.

पहिला इस्रायलचाच. १९८७ मध्ये, म्हणजे या मालिकेचा सातवा भाग आला त्याच वर्षी, रेनेन शोर यांनी ‘ब्लूज लाहोफेश हागादोल’ केला. १९७० चा उन्हाळा, तेल अवीव, शाळेची शेवटची परीक्षा संपलेली मुलं-मुली आणि समोर लष्करभरती. सुएझ कालव्यावर इजिप्तशी झटापटी चालू आहेत. तिथेही गाणी आहेत, प्रेमप्रकरणं आहेत, समुद्र आहे, थट्टामस्करी आहे. एक मुलगा भरती होतो आणि काही दिवसांत त्याच्या मरणाची बातमी येते. उरलेले निरोपसमारंभाचा कार्यक्रम बसवत असतात. हा चित्रपटही स्मरणरंजनच आहे आणि त्यात पुरेसं हसूही आहे. फक्त तो आपल्या माणसांपैकी कोणाला मधेच टाकून देत नाही. मुलींना मतं आहेत, त्या वाद घालतात, त्यांच्यावरही पुढचं आयुष्य येऊन आदळणार आहे हे दिग्दर्शक विसरत नाही.

दुसरा चित्रपट डेव्हिडसन यांचाच. गोलान-ग्लोबस यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतली कॅनन ही चित्रपट कंपनी घेतली आणि १९८२ मध्ये त्याच गोष्टीची अमेरिकन आवृत्ती निघाली, ‘द लास्ट अमेरिकन व्हर्जिन’. या वेळी लॉस एंजेलिस, चालू काळ, ऐंशीच्या दशकाच्या उंबरठ्यावरची गाणी. म्हणजे स्मरणरंजनाचा आधारच काढून घेतलेला. पोरांचे उद्योग तेच, आणि शेवटही तोच. पार्टी, भेटवस्तू, मित्राच्या मिठीत ती मुलगी, गाडीत बसून रडणारा मुलगा. त्या काळच्या अमेरिकन तरुणांच्या विनोदी चित्रपटांत अशा शेवटाला थारा नव्हता. बेत फसला तरी मुलाला शेवटी काहीतरी बक्षीस मिळायचंच. इथे मिळालं नाही. हसायला आलेला प्रेक्षक सुन्न होऊन उठला, आणि चाळीस वर्षं झाली तरी लोक त्या शेवटाबद्दलच बोलतात. मधल्या काळात मायदेशी दोन हलकेफुलके भाग करून झालेल्या दिग्दर्शकाला, नवी सुरुवात करायची वेळ आल्यावर, तो कडू घासच पुन्हा हवासा वाटला. आपल्या गोष्टीतला जीव कुठे आहे हे त्याला कळत होतं असं मी यावरून समजतो. त्या अमेरिकन चित्रपटाचा दुसरा भाग निघाला नाही.

तरीही मला पहिल्या चित्रपटाची भलामण करून थांबता येणार नाही. तोही शेवटी बेंत्झीच्याच डोळ्यांनी पाहतो. शेवटच्या दृश्यात आपल्याला कीव येते ती त्याची. नीली मोमोकडे परत का गेली याचा विचार आपण करत नाही, तिला ‘अशीच’ ठरवून मोकळे होतो. लाज, भीती, प्रेम, लोक काय म्हणतील याचा धसका, यातलं काय काय तिला ज्याने सोडलं त्याच्याकडेच ओढून नेत होतं? सोळा-सतरा वर्षांच्या मुलीवर गर्भपातानंतरच्या दिवसांत जे ओझं असतं त्यात एका मुलाच्या चांगुलपणाची परतफेड करण्याची सक्तीही घालायची का? बेंत्झीने मदत केली म्हणून ती त्याची व्हायला हवी होती, हा हिशेबसुद्धा मोमोच्या हिशेबाचाच सौम्य भाऊ आहे. अनत अत्स्मोन या अभिनेत्रीने ती भूमिका इतक्या शांतपणे केली आहे की या प्रश्नांना जागा उरते. दुसरा भाग त्या जागेत शिरू शकला असता. अशा भागात हसू कमी पडलं असतं असं मला वाटत नाही. मुलीही आपापसात हसतात, मुलांची टिंगल करतात, चुकतात, खोटं बोलतात. त्यांच्या बाजूने तीच पार्टी पाहिली असती तर केवढा मोकळा, केवढा खरा विनोद हाती लागला असता!

आणि हा प्रश्न जुन्या चित्रपटांपुरता राहत नाही, कारण ते आजही दाखवले जातात, घराघरांत पडद्यावर येतात, त्यांच्या नावाने स्मरणोत्सव भरतात. तेल अवीवच्या उत्तरेला बंदराजवळ एक चौपाटी आहे. बरीच वर्षं तिचं नाव होतं ‘मेत्सित्सिम’. १९७२ च्या उरी झोहर यांच्या ज्या गाजलेल्या चित्रपटावरून ते पडलं त्यात पोरं बायकांच्या कपडे बदलण्याच्या खोल्यांत डोकावतात, आणि चौपाटी ओळखली जाऊ लागली ती त्या डोकावणाऱ्यांच्या नावाने. तो चित्रपटही मोठा आहे, त्यातलं रितेपण अंगावर येतं. पण नावात ते रितेपण आलं नाही, फक्त खोडी आली. आपल्या लेकी-सुना ज्या वाळूत पोहायला जातात तिला असं नाव असावं का, हे तिथल्या लोकांनी ठरवायचं. मला यात तीच प्रक्रिया दिसते जी दुसऱ्या भागाने केली. दुखरा भाग गाळायचा आणि उरलेल्याला प्रेमाने मिरवायचं.

शाळकरी मुलांना शरीराबद्दल, इच्छेबद्दल, नकाराबद्दल घरात कोणी बोलत नाही तेव्हा ती असल्या चित्रपटांतून शिकतात. तेल अवीवमध्ये शिकली, म्युनिकमध्ये शिकली. त्यांना बेंत्झीची धडधड समजते हे चांगलंच आहे. ती धडधड खरी असते आणि तिची लाज वाटायचं कारण नाही. पण सलग सात-आठ चित्रपट पाहून मुलगा जर एवढंच शिकला की मुलगी हा पोरांच्या मैत्रीतला एक टप्पा आहे, संपला की पुढचा, तर तो धडा दिग्दर्शकाने आणि बाजाराने शिकवलेला आहे.

म्हणून माझी मागणी साधी आणि करता येण्याजोगी आहे. हे चित्रपट कापू नका, लपवू नका, त्यांच्यावर बंदीची भाषा नको. बंदी घातली की चर्चा कपड्यांवर घसरते आणि मोमो सुटतो. जिथे कुठे दुसरा भाग जुन्या दिवसांची मजा म्हणून दाखवला जाईल, तिथे त्याच संध्याकाळी, त्याच्या आधी, पहिला दाखवा. मध्ये फार वेळ जाऊ देऊ नका. पार्टीतून रडत निघालेला मुलगा आणि त्याच्या पाठीमागे खोलीत राहून गेलेली मुलगी डोळ्यांसमोर ताजी असतानाच पुढच्या भागाची नावं पडद्यावर येऊ द्या. आणि ‘योत्सिम कावुआ’ संपल्यावर दिवे लागले की प्रेक्षकांतल्या कोणीतरी उठून विचारावं, ती नीली कुठे आहे?